नरडं

गुरुवारी ड्यूटी सुटली की मी मेयोतून मोहननगरला येते,
हातांना स्पिरिटचा वास तसाच.
चर्चमागच्या खोलीत उमाळे पाळक
उजवीकडून डावीकडे लिहीत असतात.
कूलर खडखडतो. आम्ही सहा जण.
आठवा आठवडा, आणि अजून एकाच वचनावर.

हरिण, पाणी, आणि आपल्या भाषांतरात
जिथे 'जीव' आहे, तिथे मुळात नेफेश.
नून, फे, शिन. तीनच अक्षरं.
जाड कोशात बोट फिरवत पाळक वाचतात:
जीव, श्वास, माणूस, हाव, मान,
आणि या सगळ्यांच्या तळाशी, बहुधा,
घसा.
'बहुधा' ते जपून म्हणतात,
आमचे डॉक्टर नातेवाइकांशी बोलताना म्हणतात तसं.

एकवीस वर्षं मी कान-नाक-घशाच्या वॉर्डात आहे.
टॉर्चच्या उजेडात घसा काही पवित्र दिसत नाही.
ओला, तांबडा, पडजीभ थरथरती, मागे अंधार.
खर्रा खाणाऱ्यांचा तर पांढुरका, ताठर,
तोंडात दोन बोटं शिरत नाहीत.

मग मराठीत काय लिहायचं? पाळकांनी विचारलं.
रेल्वेतले लोणारे म्हणाले, कंठ.
कंठात सूर असतो, माळ असते, मी म्हटलं.
तहान नरड्याला लागते.
सगळे हसले. पाळकही हसले.
'देवापुढे नरडं कसं न्यायचं, खंडारे सिस्टर?'
मला उत्तर सुचलं नाही.
जीव कंठाशी येतो असं आपणच तर म्हणतो,
हे आठवलं ते घरी, भांडी घासताना.

त्या वचनात आणखी एक खोच आहे.
हरिण नर, आणि त्याचं क्रियापद मादीचं.
कुणा लेखनिकाकडून एक 'त' गळाला असावा,
पुढच्या शब्दाच्या सुरुवातीलाच 'त' होता,
त्याने तो गिळला, असं काही पंडित मानतात.
रविवारी मी महाराजबागेत जाऊन उभी राहिले.
पारा सेहेचाळीसवर. चितळं सावलीत, टाकं कोरडं.
एकाने मान वर केली, हवेतच घोट घेतला.
नर की मादी, बघायचं राहून गेलं.

अकरा नंबरच्या खाटेवर सुखदेव निनावे.
इतवारीत पानठेला. स्वरयंत्र काढलंय.
मानेला भोक, भोकात नळी, नळीतून वारा.
दहा दिवस तोंडाने काही नाही.
नाकातून दूध जातं, पोट भरतं,
तहान मात्र पोटात राहत नाही.

रात्री दोनला त्यांची बायको
त्या भोकासमोर तळहात धरून बसलेली.
'जीव इथूनच येते-जाते का वो बाई?'

जाड कोशातलं अख्खं पान
तिने एका हातावर घेतलं होतं.
मी म्हटलं, हो, इथूनच.
बहुधा म्हटलं नाही.

निनाव्यांनी पाटी ओढली.
खडू थरथरला. 'पा' लिहिलं,
आणि पुढचं अक्षर तसंच राहिलं.
मी गॉज भिजवला, पिळला, ओठांवर फिरवला.
त्यांच्या मानेतली शीर खालीवर झाली,
गिळायला काही नसताना.

पुढच्या गुरुवारी पाळक म्हणाले,
तर मग, सिस्टर, नेफेश?
वहीत मी जागा मोकळी सोडली होती.
कूलरमधलं पाणी संपलं होतं, पंखा नुसताच फिरत होता.
लोणारे बादली घेऊन उठले.
मी म्हटलं, आधी ते भरू द्या.